फॅन डायरेक्ट करण्याआधी

वसई फाट्याहून घोडबंदरकडे निघालेली गाडी वर्सोवा पुलाच्या अलीकडे रांगेत अडकली, की फॅन बिघडल्याची पहिली खूण तापमानाच्या काट्यावर दिसत नाही. ती एसीच्या जाळीशी धरलेल्या हाताला कळते. गाडी धावत होती तोवर गार वारा येत होता. चाकं थांबली आणि पाच मिनिटांत वारा कोमट झाला. रांग हलली की पुन्हा गार. बहुतेक जण म्हणतात, गॅस कमी झाला असेल, आणि एसीवाल्याकडून गॅस भरून येतात. कधीकधी तो कमी असतोही. पण थांबल्यावर कोमट आणि धावल्यावर गार, असं असेल तर आधी संशय घ्यावा तो रेडिएटरमागच्या फॅनवर. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यातच बसवलेला असतो आणि दोघांना वारा लागतो तो एकच. गाडी धावताना तो समोरून फुकट मिळतो. उभ्या गाडीत फॅनला तो ओढून आणावा लागतो. फॅन बंद पडला की आधी एसी रुसतो आणि काटा त्यानंतर चढतो. त्या दोहोंच्या मधला वेळ वाया घालवू नये.

हे सांगायचं कारण असं, की अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत काटाच नसतो. थंड इंजिनाला निळा दिवा आणि तापलेल्या इंजिनाला लाल दिवा, मधलं काही नाही. काटा असला तरी तो बऱ्याच गाड्यांत मुद्दाम मध्यावर स्थिर राहील असा जुळवलेला असतो; तापमान दहा-बारा अंशांनी वर गेलं तरी तो हलत नाही आणि हलतो तेव्हा धावत सुटतो. लाल दिवा लागला, म्हणजे इंजिन तापू लागलं असं नव्हे. ते केव्हाच तापलेलं असतं.

पापडी, गिरीज, भुईगाव, रानगाव या पट्ट्यातल्या गाडीमालकांना हा दोष इतरांपेक्षा थोडा आधी गाठतो, त्याला कारणं आहेत. समुद्र जवळ, मिठागरं जवळ, आणि पावसाळ्यात रस्त्यावर तुंबणारं पाणी. फॅन, त्याचा कपलर म्हणजे वायरींचा जोड, आणि त्याची अर्थिंगची वायर ही सगळी मंडळी गाडीच्या अगदी नाकाशी, बंपरच्या मागे बसलेली. खारी हवा आणि डबक्यातलं पाणी सर्वांत आधी त्यांनाच भेटतं. त्यात आपला रोजचा प्रवास छोटा: पापडीहून बंगली, माणिकपूर, अंबाडी रोड करत स्टेशन, आणि परत. एवढ्या अंतरात इंजिन नीट तापतही नाही, त्यामुळे फॅन मेलेला असला तरी महिनोन्‌महिने कळत नाही. मग एखाद्या रविवारी सहकुटुंब महामार्गावर निघालं, की तिथे कळतं.

गॅरेजमध्ये गेल्यावर दोन उत्तरं मिळतात. एक, मोटर गेली, बदलावी लागेल. दुसरं, बदलायला नको, डायरेक्ट करून देतो. चावी फिरवली की फॅन चालू, टेन्शनच नाही. दोन्ही उत्तरं कधीकधी बरोबर असतात. पण तपासणी न करता दिलेली असतील तर दोन्ही नाकारावीत, असं माझं मत आहे. फॅन न फिरण्याची मोटर सोडून निदान सहा-सात कारणं असतात, त्यांतली निम्मी दोन-चारशे रुपयांच्या आत मिटतात, आणि त्यांचा माग घ्यायला फार शिक्षण लागत नाही. एक टेस्ट लॅम्प, साधा मल्टिमीटर, फ्यूज लावलेल्या दोन जाड वायरी आणि अर्धा तास पुरतो. स्वतः हात घालायचा नसेल तरी क्रम माहीत असावा. निदान इलेक्ट्रिशियनला योग्य प्रश्न तरी विचारता येतो.

हात घालण्याआधी

विजेवरचा फॅन चावी बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. गरम इंजिन बंद केल्यावर तो मिनिटभर फिरत राहतो तो याच सोयीमुळे. त्यामुळे पात्याला हात लावायचा असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. ओढणी, सैल बाह्या, गळ्यातली साखळी बोनेटखाली वाकताना सांभाळा. तपासणीसाठी इंजिन चालू ठेवायचं असेल तर गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि जागा मोकळी हवी. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून वाकून बसू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास देत नाही.

आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी हात भाजून घेतो. त्या झाकणाखाली साधारण एक बार दाब असतो. त्या दाबामुळे आतलं पाणी १०० अंशांच्या बरंच वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो आणि ते सगळं एका क्षणात वाफ होऊन अंगावर येतं. वरचा रबरी होज चिमटीत दाबून बघा. तो टणक लागत असेल तर अजून थांबा.

दोष फॅनचाच आहे का?

गाडी कधी तापते ते आठवा. उभी असताना किंवा रांगेत सरपटताना तापते आणि वेग घेतला की उतरते, तर वाऱ्याची बाजू तपासा, म्हणजे फॅन. मनोरच्या बाजूला ऐंशीच्या वेगाने जाताना तापत असेल तर फॅनला दोष देऊ नका. त्या वेगाला समोरून येणारा वारा फॅनपेक्षा जास्त असतो. तिथे रेडिएटर चोक झालाय, थर्मोस्टॅट म्हणजे रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप अडकलीय, वॉटर बॉडी म्हणजे पाण्याचा पंप थकलाय किंवा हेड गॅस्केटमधून गॅस पाण्यात शिरतोय. ते वेगळं प्रकरण आहे.

दुसरी गोष्ट, फॅन लागत नाही म्हणून घाबरलेल्या लोकांपैकी काहींची गाडी ठणठणीत असते. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडतो. फॅन मात्र बहुतेक पेट्रोल गाड्यांत ९५ ते १०० अंशांच्या आसपास लागतो आणि चार-सहा अंश उतरल्यावर बंद होतो. ऑगस्टच्या पावसात सकाळी दहा मिनिटं गाडी चालू ठेवून फॅन फिरत नाही म्हणणं हा दोष नव्हे. एसी बंद ठेवून, उभ्या गाडीत, इंजिन पंधरा-वीस मिनिटं चालू द्या, वरचा होज हाताला सोसवेनासा होऊ द्या, आणि मग ठरवा.

बोलेरोसारख्या काही गाड्यांत विजेचा फॅनच नसतो. इंजिनाच्या जोरावर, चिकट द्रवाच्या कपलिंगमधून फिरणारं पातं असतं. जुन्या प्रीमियर पद्मिनीचा फॅनही पट्ट्यावरच चालायचा. तिथे पुढचं काही लागू नाही.

पाणी बघितलं का?

ही पायरी लोक वगळतात, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडलेला असायला हवा. पाण्याची पातळी खाली गेली किंवा आत हवेचा फुगा अडकला, की सेन्सर पाण्याऐवजी हवेत उघडा पडतो. इंजिन आतून भाजत असतं आणि सेन्सर इंजिनाच्या संगणकाला शांतपणे ८५ सांगत असतो. संगणक फॅन लावत नाही. मोटर चांगली, रिले चांगला, फ्यूज चांगला, आणि फॅन बंद. अशा गाडीत मोटर बदलली तर नवीन मोटरही फिरणार नाही.

आपल्याकडे सीएनजीच्या गाड्या पुष्कळ, आणि त्यांच्यात ही शक्यता जास्त. टाकीतला गॅस दाब उतरताना गार पडतो, म्हणून रिड्यूसरला ऊब द्यायला इंजिनाचं पाणी त्यातून फिरवलेलं असतं. बाहेरून किट बसवलेल्या गाडीत त्यासाठी होजला टी-जोड मारलेले असतात. तिथली क्लिप सैल झाली की थेंब थेंब पाणी जातं, आणि गरम इंजिनावर पडून वाळून गेल्याने जमिनीवर डागही दिसत नाही. किटच्या जोडांवर पांढरा किंवा हिरवट-गुलाबी खार जमलेला दिसला, तर गळती तिथेच आहे.

थंड इंजिनात रेडिएटरचं झाकण उघडून पाणी गळ्यापर्यंत आहे का ते पाहा. फक्त बाजूच्या प्लॅस्टिकच्या टाकीवर भिस्त ठेवू नका. झाकणाचं रबर गेलं असेल तर टाकी भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असंही होतं. पाणी भरल्यावर झाकण उघडं ठेवून, हीटर गरमवर लावून, इंजिन चालवा म्हणजे फुगे बाहेर येतील. भरायचं ते कूलंट, गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी आपल्या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी मचूळ असतं. ते रेडिएटरच्या ॲल्युमिनियमला आतून खातं.

एसी लावा

पाणी ठीक आहे? आता इंजिन चालू करून एसी पूर्ण गारवर लावा आणि बोनेट उघडून फॅनकडे बघा. काही गाड्यांत तो लगेच फिरतो, काहींत गॅसचा दाब चढल्यावर अर्ध्या-एक मिनिटाने. हत्यार न लागणारी ही सर्वांत मोलाची चाचणी आहे. एसीबरोबर फॅन फिरला तर मोटर, अर्थिंग, मोठा फ्यूज आणि निदान एक रिले निर्दोष सुटले. दोष उरला तापमान कळवणाऱ्या बाजूला, म्हणजे सेन्सर, त्याची वायर किंवा अडकलेला थर्मोस्टॅट. एसी लावूनही फिरला नाही, तर संशय मोटरच्या बाजूला सरकतो, पण सिद्ध होत नाही. एसीचा गॅसच संपलेला असेल तर कॉम्प्रेसर लागत नाही आणि फॅनला हुकूमही जात नाही.

होंडा सिटीसारख्या गाड्यांत दोन फॅन असतात, एक रेडिएटरचा, एक कंडेन्सरचा. तिथे कोणता फिरला ते नीट पाहा.

मोटरला थेट बॅटरी

आता साखळी मधोमध तोडायची. फॅनच्या मोटरकडे जाणारा कपलर काढा. त्याआधी फांदी, खडा, प्लॅस्टिकची पिशवी पात्यात अडकलेली नाही ना, हे पाहून पातं बोटाने फिरवा. ते हलकं फिरायला हवं. खरखरत, अडखळत फिरत असेल तर बुश किंवा बेअरिंग गंजलं. अजिबात हलत नसेल तर मोटर जाम आहे, आणि मग फ्यूजही तिनेच उडवलेला असणार.

बॅटरीची तार परत लावा, बोटं दूर ठेवा, आणि फ्यूज लावलेल्या दोन वायरींनी मोटरला थेट बॅटरीचे बारा व्होल्ट द्या. फ्यूज गाडीत फॅनसाठी असतो तेवढ्याच ॲम्पिअरचा घ्या. वायर जाड हवी, कारण ही मोटर दहा ते वीस ॲम्पिअर सहज ओढते. हेडफोनएवढ्या वायरीवर हा प्रयोग केला तर फॅन फिरण्याआधी वायर पेटेल. महागड्या नव्या गाड्यांत मोटरवरच इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं आणि कपलरला तीन-चार बारीक-जाड वायरी असतात. तिथे हा प्रयोग करू नका. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांत तर नारिंगी वायरींच्या आसपास हातच नको.

थेट बॅटरीवरही मोटर मेलेलीच राहिली, तर निकाल लागला: मोटर गेली. तिला पान्याच्या दांड्याने हलकी टिचकी मारल्यावर फिरली, तर कार्बन झिजलेत; आज चालेल, पुढच्या जॅमला दगा देईल. कार्बन बदलून देणारे कारागीर अजून आहेत, आणि बुश चांगलं असेल तर ते काम टिकतं. नवीन मोटर किंवा दुरुस्त केलेली बसवल्यावर एक गोष्ट मात्र स्वतः तपासा. समोरच्या जाळीवर वर्तमानपत्राचा कागद धरा. फॅन चालू झाल्यावर कागद आत खेचला जायला हवा. वायरी उलट जोडल्या गेल्या तर फॅन फिरतो जोरात पण वारा बाहेर ढकलतो, आणि गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापते. फॅन फिरताना दिसतोय म्हणून कोणालाच शंका येत नाही.

मोटर थेट बॅटरीवर छान फिरली, तर तिला बदलायचं कारण उरलं नाही. आता माग काढायचा तो वीज मोटरपर्यंत का पोचत नाही याचा.

फ्यूज, रिले, आणि अर्थिंग

बोनेटखालच्या डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असतो. फॅनचा फ्यूज सहसा ३० किंवा ४० ॲम्पिअरचा. उडालेला असेल तर तेवढ्याच आकड्याचा नवीन घाला, आणि तो लगेच पुन्हा उडाला तर मोठ्या आकड्याचा घालू नका. फ्यूज उडाला म्हणजे पुढे कुठेतरी मोटर जाम आहे किंवा वायर धातूला टेकली आहे. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणाऱ्याने वायरिंगला आग लावायची तयारी केलेली असते. वाडीत उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर-घुशींनी कुरतडलेली वायर हे कारण नेहमी लक्षात ठेवा. ती बहुतेक वेळा रेडिएटरच्या खालच्या पट्टीला लागून सापडते.

रिलेची परीक्षा सोपी. त्याच डब्यात बऱ्याचदा हॉर्नचा किंवा दुसरा एखादा रिले तंतोतंत त्याच नंबरचा असतो. अदलाबदल करा. फॅन लागला आणि हॉर्न गेला, तर गुन्हेगार हातात आला. साध्या रिलेच्या पायांवर ३०, ८७, ८५, ८६ असे आकडे कोरलेले असतात. ३० वर बॅटरीचा करंट येतो, ८७ वरून तो मोटरला जातो, आणि ८५-८६ मधली गुंडाळी या दोघांना जोडते. रिले काढून त्याच्या खाचेतल्या ३० आणि ८७ या जागा फ्यूजवाल्या जाड वायरीने जोडा. फॅन फिरला तर तिथून मोटरपर्यंतची वायर, मोटर आणि अर्थिंग ठीक. दोष रिलेत किंवा त्याला मिळणाऱ्या हुकुमात. फिरला नाही आणि ३० वर बारा व्होल्ट आहेत, तर दोष पुढच्या वायरीत किंवा अर्थिंगमध्ये.

अर्थिंगजवळ मी मुद्दाम रेंगाळतो, कारण खाऱ्या हवेच्या गावात माझा पहिला संशय नेहमी तिच्यावर असतो. फॅनची काळी वायर गाडीच्या पत्र्याला एका बोल्टने जोडलेली असते. बोल्ट वरून जागेवर दिसतो. त्याच्या खाली पत्रा आणि रिंग यांच्यामध्ये गंजाचा थर असतो. मल्टिमीटरने मोटरच्या कपलरवर मोजलं तर पूर्ण बारा व्होल्ट दिसतात, टेस्ट लॅम्प एलईडीचा असेल तर तोही पेटतो, आणि इलेक्ट्रिशियन म्हणतो, करंट येतोय, म्हणजे मोटर गेली. इथेच चांगल्या मोटरी भंगारात जातात. एलईडीला लागतात काही मिलिॲम्पिअर; मोटरला हवेत दहा-पंधरा ॲम्पिअर. गंजात नुसता अर्धा ओहम रोध असला आणि दहा ॲम्पिअर वाहू लागले, तर पाच व्होल्ट त्या गंजातच खर्च होतात. मोटरला उरतात सात, आणि ती एकतर रेंगाळत फिरते किंवा उठतच नाही.

म्हणून दोन गोष्टी करा. टेस्ट लॅम्प इंडिकेटरच्या २१ वॅटच्या बल्बचा वापरा; तो भक्क पेटला तरच करंट खरा. आणि मोजणी कपलर जोडलेला असताना, फॅनला करंट दिलेला असताना करा: मल्टिमीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल टोक मोटरच्या काळ्या वायरीच्या कपलरमध्ये मागच्या बाजूने. आकडा ०.२-०.३ व्होल्टच्या आत हवा. एक-दोन व्होल्ट दिसले तर अर्थिंग साफ करा. बोल्ट काढा, पत्रा आणि रिंग पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, घट्ट आवळा, वरून ग्रीस चोपडा. कपलरच्या आत हिरवट पूड दिसली तर कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा. पिना काळ्या पडून प्लॅस्टिक वितळलं असेल तर कपलर नवीन टाका. हा सगळा खर्च मोटरच्या किमतीच्या पासंगालाही पुरत नाही.

आणखी एक. वायरीत करंट आहे का बघायला टेस्ट लॅम्पची सुई तिच्या प्लॅस्टिकमध्ये खुपसायची सवय पुष्कळांना असते. त्या बारीक भोकातून दमट खारी हवा आत शिरते, तांबं आतून काळं पडतं आणि वरून धडधाकट दिसणारी वायर तुटते. कोणी तुमच्या गाडीवर असं करत असेल तर थांबवा.

फॅन दोन वेगांचा असेल आणि हळू वेगाला लागत नसेल पण गाडी खूप तापल्यावर जोरात सुटत असेल, तर बऱ्याच गाड्यांत हळू वेगासाठी लावलेला रेझिस्टर जळलेला असतो. पूर्ण फॅन असेंब्ली विकत घेण्याआधी तो सुटा मिळतो का, ते विचारा.

हुकूम देणारी बाजू

जुन्या कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० सारख्या गाडीत संगणक नाही. पाण्याच्या मार्गावर बसवलेला थर्मो-स्विच रिलेला हुकूम देतो. चावी चालू ठेवून स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडा. एकच वायर असेल तर ती इंजिनाच्या धातूला टेकवा. फॅन फिरला तर स्विच गेला. ज्या गाड्यांत हा स्विच रेडिएटरमध्येच बसवलेला असतो, तिथे थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकल्यावर गंमत होते: इंजिनात पाणी उकळतं आणि रेडिएटरमध्ये ते थंडच राहतं, म्हणून स्विच काही बोलत नाही. वरचा होज चटका देतोय आणि खालचा गारढोण, असं असेल तर फॅन निर्दोष आहे.

इंजेक्शनच्या गाड्यांत तापमानाचा सेन्सर इंजिनाच्या संगणकाला आकडा देतो आणि संगणक रिलेला हुकूम. सेन्सरचा कपलर काढून इंजिन चालू केलं, की बऱ्याच गाड्यांत संगणक बावचळत नाही. आकडाच मिळत नाही म्हटल्यावर सुरक्षेसाठी फॅन लावून ठेवतो आणि चेक इंजिनचा दिवा पेटवतो. असा फॅन लागला तर संगणक, रिले, मोटर सगळं चालू आहे, आणि सेन्सर खोटं बोलतोय. सेन्सर मल्टिमीटरवरही तपासता येतो: पाणी तापत जाईल तसा त्याचा रोध उतरत जायला हवा. पुष्कळ सेन्सर सकाळच्या थंड इंजिनात दीड-दोन हजार ओहम दाखवतात आणि ८०-९० अंशांना तीनशेच्या आसपास किंवा खाली येतात. नेमका आकडा गाडीनुसार बदलतो.

मोबाइलला जोडायचा छोटा ओबीडी स्कॅनर घरात असेल तर काम आणखी सोपं. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू करण्याआधी पाण्याचं तापमान वाचा. थंडीचे दिवस सोडले तर वसईच्या हवेत ते २५-३०च्या घरात असायला हवं. उणे ४० दिसलं तर सेन्सरची वायर तुटली किंवा कपलर सुटला. पी०११७ आणि पी०११८ हे कोड या सेन्सरच्या सर्किटचे, पी०४८० फॅनच्या पहिल्या रिलेच्या सर्किटचा, पी०१२८ इंजिन अपेक्षेइतकं न तापल्याचा, म्हणजे बहुधा थर्मोस्टॅट उघडाच राहिल्याचा. कोड म्हणजे निकाल नव्हे. पी०४८० आला म्हणून रिले बदलून मोकळं होऊ नये, वायरही पाहावी. संगणकच बिघडला, असं कोणी पहिल्याच दिवशी सांगितलं तर दुसरीकडे दाखवा. तो बिघडतो, पण सगळ्यांत शेवटी.

रस्त्यात गाठलं तर

वर्सोवा पुलाच्या रांगेत, किंवा नाताळात पापडीच्या कॅथेड्रलबाहेरच्या गर्दीत काटा चढू लागला, तर आधी एसी बंद करा. मग हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण जोरात. एप्रिलच्या दुपारी हे ऐकायला छळ वाटेल, पण हीटर हाही एक छोटा रेडिएटरच आहे आणि त्याचा वारा आपल्या अंगावर येतो म्हणजेच इंजिनातून बाहेर पडतो. काचा उघडा. रस्ता मोकळा असेल तर सावकाश चालत राहा. तरीही लाल दिवा लागला, तर बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा; पुढचा नाका, पुढचा पंप असं करत ओढू नका. आजची सिलिंडर हेड ॲल्युमिनियमची असतात, जास्त तापली की वाकतात, आणि मग शेकड्यांत मिटणारं काम पन्नास हजारांच्या भाषेत बोलू लागतं. बोनेट उघडून निदान अर्धा तास थांबा. गरम इंजिनावर थंड पाण्याची बाटली ओतू नका, हेडला तडा जातो.

तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढायची वेळ आली तर पाण्यात शिरण्याआधी एसी बंद करा. २०१८ च्या जुलैत वसई-विरार जसं पाण्याखाली गेलं, तसल्या पाण्यात तर गाडी घालूच नये. पण त्याहून कमी, फॅनपर्यंत पोचणाऱ्या पाण्यातही फिरता फॅन पाणी मारत राहतो, पाती वाकतात, फ्यूज उडतो. पाणी ओसरल्यावर फॅन फिरतो का हे त्याच दिवशी पाहा.

आणि ते डायरेक्ट करणं? अडल्या वेळी, घरी पोचण्यापुरतं, योग्य फ्यूज आणि योग्य जाडीची वायर लावून केलं तर माझी हरकत नाही. ते कायमचं राहतं ही अडचण आहे. मोटर दिवसभर फिरून कार्बन लवकर संपतात. डॅशबोर्डवर स्विच दिला असेल तर तो लावायला एकदा विसरलं की गाडी जाते. आणि बॅटरीवरून फ्यूजशिवाय ओढलेली बारीक वायर रोज तापत राहते. डायरेक्ट करणारा बहुधा थर्मोस्टॅटही काढून टाकायचा सल्ला देतो. तो मुळीच ऐकू नका. थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन वेळेवर तापत नाही, संगणक पेट्रोल जास्त सोडतो, आणि मायलेज का पडलं याचा शोध महिनाभर दुसरीकडेच चालतो. वॉरंटीतल्या गाडीची मूळ वायर कापू देऊ नका, कंपनीला नकार द्यायला आयतं निमित्त मिळतं.

काम करून घेताना दोनच गोष्टी मागा: मोटरला थेट बॅटरी देऊन तुमच्यासमोर दाखवणं, आणि बदललेला जुना भाग परत. चांगला इलेक्ट्रिशियन या दोन्हींना राजी असतो. पावसाळा संपला की, दिवाळीच्या आधी, अर्थिंगचा तो एक बोल्ट काढून घासून परत आवळा, कपलर उघडून पाहा, आणि एसी लावून फॅन फिरतोय याची खात्री करून घ्या.